टेबल क्रमांक तीनचा जिव्हाळा

माणूस माणसाला धरून असतो, हे जगन्मान्य सत्य आहे. तो नेमका किती धरून असतो, हे मात्र परवापरवापर्यंत कुणाला मोजता येत नव्हतं. पाणी मोजता येत होतं, वीज मोजता येत होती, रक्तातली साखरसुद्धा बोटाला टोचून मोजता येत होती. जिव्हाळा तेवढा अंदाजपंचे चालला होता. 'अमक्याचं तमक्याशी फार जमतं' असं लोक खुशाल बोलत, आणि त्याला पुरावा काय, तर म्हणे दोघं एकत्र डबा खातात. असल्या ऐकीव माहितीवर माणसांनी शतकानुशतकं मैत्र्या केल्या आणि निभावल्याही, याचं आज आश्चर्य वाटतं.

हा गोंधळ मिटवण्याचा मान पाण्याचे मीटर तपासणाऱ्या एका कचेरीला मिळाला, हे योग्यच झालं. मोजणं हाच जिथला धंदा, तिथे एवढी एक गोष्ट मोजल्यावाचून राहावी, हे साहेबांच्या मनाला बरेच दिवस खात होतं. कचेरीत माणसं त्रेसष्ट. त्यांपैकी ही हकिकत भाऊंची आहे, कारण नव्या प्रणालीचा सगळ्यात जास्त लाभ त्यांनाच झाला.

भाऊ टेबल क्रमांक तीनवर बसत. त्यांच्यासमोर ताई. काम सोपं होतं. मीटर टेबलावर जोडायचा, ताईंनी तबकडीवर वाकून आकडा मोठ्याने म्हणायचा, भाऊंनी तो परत म्हणून वहीत लिहायचा. मग हौदातलं मापलेलं पाणी मीटरमधून सोडायचं, आणि पाणी संपलं की ताईंनी पुन्हा आकडा म्हणायचा. मीटर पळतो की रेंगाळतो, ते या दोन आकड्यांवरून कळतं. मधे पाणी वाहायला चार मिनिटं लागतात. या चार मिनिटांत करण्यासारखं काहीही नसतं. ही त्या कामातली मोठी त्रुटी होती, आणि भाऊ-ताई ती बोलून भरून काढत.

दिवसाला पंचेचाळीस मीटर, म्हणजे तीन तास. वर्षाचे कामाचे दिवस अडीचशे, आणि वर्षं एकवीस. एकूण पंधरा हजार सातशे पन्नास तास. एवढ्या वेळात माणूस वैद्यकी शिकून, दवाखाना थाटून, वर दोन-चार रोगी मारून मोकळा होतो. या दोघांच्या हाती काय लागलं? ताईंच्या सासूबाईंचं अंथरुणाला खिळणं, त्यांच्या बहिणीच्या घरातली भांडणं, भाऊंच्या मुलाचं लग्न जमणं, मोडणं आणि त्याच मुलीशी परत जमणं. सात वर्षांपूर्वी भाऊंची बायको गेली. तेराव्या दिवसानंतर ते कामावर आले, तेव्हा ताईंनी पहिले दोन मीटर नुसते आकडे म्हटले. तिसऱ्या मीटरचं पाणी वाहत असताना त्यांनी विचारलं, "जेवून आलात का?" मग हा प्रश्न त्या महिनाभर रोज तिसऱ्या मीटरला विचारत राहिल्या. भाऊ मुळात कमी बोलणारे. घरी ते दिवसाकाठी पाच-सहा वाक्यं बोलत, त्यातली दोन मांजराशी. त्यांचं जे काही बोलणं होतं ते टेबल क्रमांक तीनवर होतं, आणि या कशाचीही नोंद कुठे नव्हती.

अशा अंदाधुंदीच्या काळात 'स्नेहबंध' प्रणाली आली. प्रत्येकाला एकेक टॅबलेट मिळाला. आकडा वाचायला टेबलावर कॅमेरा बसला, त्यामुळे ताईंनी म्हणायची आणि भाऊंनी लिहायची गरज उरली नाही. (वह्या रद्दीत गेल्या. ताईंची नोकरी गेली नाही. कॅमेऱ्याची काच पुसायला कुणीतरी लागतंच.) यातून वाचलेली शक्ती कर्मचाऱ्यांनी परस्परस्नेहाकडे वळवावी, असं परिपत्रकात म्हटलं होतं. कोण कुणाला किती निरोप पाठवतो, किती लवकर उत्तर देतो, अभिनंदनाची किती फुलं टाकतो, हे पाहून प्रणाली प्रत्येक जोडीला शंभरपैकी गुण देई. त्रेसष्ट माणसांच्या जोड्या होतात एक हजार नऊशे त्रेपन्न. वीसच्या खाली 'थंड', पन्नासपर्यंत 'कोमट', ऐंशीपर्यंत 'ऊबदार' आणि त्यापुढे 'जिव्हाळ्याचे'.

पहिल्या तिमाहीचा निकाल डोळे उघडणारा होता. कचेरीतली सर्वांत जिव्हाळ्याची जोडी निघाली भांडारपाल आणि हिशेबनीस यांची: चौऱ्याण्णव गुण. ही दोघं तीन वर्षं एका शिडीवरून भांडत होती आणि एकमेकांचं तोंड पाहत नव्हती. शिडी कुणी नेली, कुणी मोडली आणि मोडलेली शिडी कुणाच्या खात्यात उभी करायची, यावर दिवसाला सरासरी एकतीस निरोप जात. प्रत्येकात 'आपण', 'कृपया' आणि 'सस्नेह कळवण्यात येते की' असायचंच. इतकी नियमित विचारपूस सख्ख्या भावांतही सापडत नाही.

यादीच्या तळाशी भाऊ आणि ताई होते. गुण: शून्य. तीन महिन्यांत एकानेही दुसऱ्याला एक अक्षर पाठवलं नव्हतं.

प्रणालीने यावरून जो निष्कर्ष काढला तो कुणाही शहाण्या माणसाने काढला असता. एकवीस वर्षं एका टेबलावर बसून ज्यांच्यात अक्षराचीही देवघेव नाही, त्यांच्यात काहीतरी भयंकर घडलेलं असणार. दोघांना समेट अधिकाऱ्यांपुढे हजर केलं गेलं. समेट अधिकारी मुख्यालयात होत्या आणि स्क्रीनवर दिसत होत्या. वाद चिघळू नये म्हणून भाऊंना एका खोलीत बसवलं आणि ताईंना दुसऱ्या.

"तुमचा अबोला कधीपासून आहे?" अधिकाऱ्यांनी मायेने विचारलं.

"अबोला नाही हो. आम्ही रोज बोलतो," भाऊ म्हणाले.

अधिकाऱ्यांनी खाली पाहून काहीतरी तपासलं. "नोंद दिसत नाही," त्या म्हणाल्या.

भाऊंनी समजावून पाहिलं. तोंडाने बोलतो, म्हणाले. त्यावर अधिकाऱ्यांनी मान हलवली. दुखावलेली माणसं नात्यातली दरी अशीच नाकारतात, हे त्यांना प्रशिक्षणात शिकवलं होतं. पलीकडच्या खोलीत ताईंनीही नेमकं तेच सांगितलं. दोघांचं म्हणणं शब्दशः जुळल्यामुळे ते आधी ठरवून आले असावेत, असा शेरा पडला. (ज्यांचा अबोला आहे ते ठरवतील कसे, हा प्रश्न शेऱ्याच्या कक्षेत येत नव्हता.)

नव्वद दिवसांची मुदत मिळाली. तेवढ्यात गुण चाळीसवर गेले नाहीत, तर दोघांपैकी एकाची शहराच्या दुसऱ्या टोकाच्या पंपगृहात 'परस्पर सौख्यार्थ' बदली होणार होती. सेवाज्येष्ठता कमी म्हणून नंबर ताईंचा होता. त्या दिवशी भाऊ हाच विचार करत घरी गेले. टेबलासमोर दुसरं कुणी, किंवा कुणीच नाही, हे त्यांना डोळ्यांसमोर आणता येईना. एवढं वय झालेल्या माणसाला नवीन माणसाशी बोलायला सुरुवात करायची तर आणखी एकवीस वर्षं लागतील, आणि नोकरी उरली होती चार वर्षांची.

तेव्हा दोघांनी ठरवलं, निरोप पाठवायचे. भाऊंचं बोट जाड आणि अक्षरं बारीक. 'सुप्रभात' लिहायला त्यांना तीन मीटर लागत. ते लिहून होईपर्यंत ताई गप्प बसत, कारण मधेच बोललं की भाऊंचं अक्षर चुके. मग ताई उत्तर लिहीत, तेव्हा भाऊ गप्प बसत. बोलण्यासारखं काही असलं तरी ते तोंडाने सांगून वाया घालवायचं नाही, लिहूनच कळवायचं, असा दोघांनी नियम केला. बहिणीच्या घरातलं भांडण ताईंनी चार ओळींत पाठवलं. भाऊंनी वाचलं, समोर पाहिलं आणि तोंड उघडलं. ताईंनी डोळ्यांनीच टॅबलेटकडे खूण केली. तेव्हा भाऊंनी 'अरेरे' असं लिहून पाठवलं. एका भांडणाचा असा पाऊण गुणात निकाल लागला. पूर्वी ते आठवडाभर पुरलं असतं.

साठ दिवस झाले तरी गुण सतराच. भाऊंची झोप उडाली. साहेबांनी जाता जाता खांद्यावर हात ठेवून 'पंपगृहात हवा चांगली असते' असं सांगितलं, तेव्हा तर त्यांचा धीरच सुटला. त्याच दुपारी त्यांनी मान खाली घालून टॅबलेटमधली 'तत्पर' ही सुविधा चालू केली.

'तत्पर'विषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण इतकी माणुसकी असलेली सुविधा दुसरी नाही. आलेल्या निरोपाला ती आपल्या वतीने, आपल्याला तसदी न देता, उत्तर देते. छोट्या निरोपाला फूल. मध्यम निरोपाला 'काळजी घ्या'. आणि पंधरा शब्दांहून लांब निरोप आला, की भरघोस अभिनंदन. कारण कामाच्या ठिकाणी माणूस एवढं लांबलचक लिहितो तो केवळ उत्साहाच्या भरात, असं प्रणालीला पाच लाख निरोपांच्या अभ्यासातून आढळलं आहे.

भाऊंना लाज वाटली. ताईंना सांगावं असंही वाटलं. पण त्या ऐकून घेतील आणि काहीच बोलणार नाहीत, नुसत्या पाहतील, या भीतीने त्यांनी सांगितलं नाही. गंमत म्हणजे दुसऱ्या दिवसापासून ताईंचे निरोप एकदम वाढले. दिवसाला दहा, पंधरा, वीस. टेबलावर दोन टॅबलेट शेजारी शेजारी ठेवलेले असत. एक टिंग करी, लगेच दुसरा टिंग करी, की पुन्हा पहिला. भाऊ आणि ताई आपापल्या खुर्चीत हात बांधून बसत आणि ऐकत. दोन मोठी माणसं बोलत असताना मधे बोलू नये, हे दोघांनाही लहानपणी शिकवलेलं होतं.

गुण चाळीस ओलांडून गेले, साठ झाले, ऐंशी झाले. बदली टळली. भाऊंना हायसं वाटलं, आणि हायसं वाटूनही बरं वाटलं नाही. चार मिनिटं आता फार लांब झाली होती. एकदा पाणी वाहत असताना ताईंनी टॅबलेट पार नाकाजवळ धरून बराच वेळ काहीतरी लिहिलं. भाऊंनी ते पाहिलं. ताईंनाही आता या खेळात गोडी वाटायला लागली, असं त्यांना वाटलं, आणि मनातून थोडा रागही आला. तेवढ्यात त्यांचा टॅबलेट टिंग वाजला आणि त्याने परस्पर उत्तर देऊन टाकलं. ताईंनी ते उत्तर वाचलं. मग त्या उठून कॅमेऱ्याची काच पुसायला लागल्या; ती त्यांनी सकाळीच पुसली होती.

तिमाहीचा निकाल मोठ्या सभागृहात लागला. टेबल क्रमांक तीन: शहाण्णव गुण. शिडीवाल्यांचा उच्चांक मोडला. (भांडारपालाने आणि हिशेबनिसाने एकमेकांचं सांत्वन केलं, अर्थात लेखी.) साहेब भाषणात म्हणाले की तंत्रज्ञानाने माणसं दुरावतात असं म्हणणाऱ्यांनी या दोघांकडे पाहावं. सगळ्यांनी पाहिलं. मग तिमाहीचा 'आदर्श संवाद' पडद्यावर दाखवला गेला. आदर्श ठरवताना निरोपाची लांबी आणि उत्तराचा वेग पाहतात. खासगीपणाचा मान राखण्यासाठी ताईंचा निरोप करड्या पट्टीने झाकलेला होता. पट्टी चांगली पाच ओळींची होती. खाली भाऊंचं उत्तर स्पष्ट दिसत होतं: 'अरे वा! अशीच प्रगती होत राहो!' वेळ, शून्य पूर्णांक चार दशांश सेकंद. टाळ्या पडल्या.

भाऊंना तो निरोप कुठला ते आठवेना. आठवणार कसा? त्यांनी तो वाचलाच नव्हता. प्रमाणपत्र काखेत धरून ते बाहेर आले, जिन्याशेजारी उभे राहिले आणि टॅबलेट उघडला. ताईंचे न वाचलेले निरोप दोनशे चौदा होते. सुप्रभात. आजचा दिवस सुंदर आहे. हसत राहा. चहा घेतलात का? सुप्रभात. भाऊ जाड बोटाने सरकवत राहिले. अकरा दिवसांपूर्वीचा एक निरोप लांब होता.

'भाऊ, तपासणी केली. उजव्या डोळ्याने मधलं दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आणि डावाही पुढेमागे जाईल. घरी अजून बोलले नाही. तुम्हाला पहिलं सांगतेय. काय करू?'

त्याच्याखाली भाऊंचं अभिनंदन होतं. फुलासकट.

इथे प्रणालीवर ठपका ठेवण्याचा मोह काहींना होईल. तो अन्याय ठरेल. निरोप सत्तावीस शब्दांचा होता. नियमाप्रमाणे अभिनंदनच जायला हवं होतं आणि गेलं. राहिला प्रश्न डोळ्याचा. ताई तबकडीवरचा आकडा मोठ्याने म्हणत होत्या, तेव्हा त्यांनी तिनाचा आठ केला असता, तर भाऊंनी तो परत म्हणतानाच मान वर केली असती. पण आकडे आता कॅमेरा वाचत होता. तो एकदाही चुकला नाही, म्हणून समोरच्या बाईला दिसेनासं झालंय, हे कुणाला कळायचं कारणच उरलं नव्हतं.

भाऊ टेबलापाशी आले, तेव्हा ताई पुढचा मीटर जोडत होत्या. हाताने आटा चाचपून जोडत होत्या. हे भाऊंनी आज पहिल्यांदा पाहिलं. ते खुर्चीत बसले. मग त्यांनी दोन्ही टॅबलेट उचलून टेबलाच्या खणात टाकले.

"ताई, ते उत्तर मी दिलं नव्हतं."

"माहीत आहे," ताई म्हणाल्या. "तुम्हाला 'प्रगती' लिहायला दोन दिवस लागले असते."

"मी ते यंत्रावर सोडलं होतं. तुमची बदली होईल म्हणून. रोजचे तुमचे निरोपही मी वाचले नाहीत."

ताईंनी आटा आणखी एक फेरा आवळला. "ते मी तरी कुठे लिहिले? मीही सोडलेच होते यंत्रावर, तेच आपणहून पाठवायचं. तो एवढा लांबलेला होता ना, तेवढा एकच माझा होता."

भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी लपवलं नाही. लपवलं असतं तरी चाललं असतं, ताईंना ते नीट दिसलं नसतं.

"तोंडाने का नाही सांगितलंत? मी इथेच होतो. हात लांब केला असता तर..."

"सवय मोडली हो, भाऊ. चार-पाचदा तोंड उघडलं, पण तुमचं वाजायचं, माझं वाजायचं. वाटलं, लिहून तरी जमेल."

पुढे काय बोलणं झालं हे सांगता येत नाही, कारण त्याची नोंद नाही. प्रणालीत त्या दुपारी टेबल क्रमांक तीनपुढे एवढंच दिसतं: 'निष्क्रिय कालावधी, दोन तास दहा मिनिटं. तपासलेले मीटर, शून्य. वाया गेलेलं पाणी, एक हौद.' त्यातून एवढं मात्र झालं, की संध्याकाळी भाऊ ताईंबरोबर त्यांच्या घरी गेले आणि घरच्यांना सांगताना शेजारी बसून राहिले. दुसऱ्या दिवसापासून खण उघडला गेला नाही. महिनाअखेरीस गुण तीनवर आले.

ताईंची बदली मात्र झाली नाही. ती करण्याआधीच वैद्यकीय मंडळाने त्यांना नोकरीतून मोकळं केलं. शेवटच्या दिवशी साडेपाच वाजता, प्रथेप्रमाणे, सहकाऱ्यांचे निरोप शुभेच्छांसह त्यांच्या टॅबलेटवर पोचले. एकूण बासष्ट, एकसष्ट सहकाऱ्यांचे, आणि एक त्यांच्या स्वतःच्या टॅबलेटचा, ज्याने पुढाकार घेऊन 'आपली उणीव भासेल' असं त्यांनाच कळवलं. भाऊंचा निरोप आला नाही. साडेपाच वाजता ते ताईंचा डबा, छत्री आणि चपलांची जोडी पिशवीत भरत होते, आणि नंतर रस्ता ओलांडताना त्यांच्या उजव्या बाजूने चालत होते.

यथावकाश भाऊंना मेमो मिळाला. एकवीस वर्षांच्या सहकाऱ्याला निरोपाचा एक शब्दही न पाठवणारे आपण कचेरीतले एकमेव कर्मचारी आहात. एवढी कोरडी वृत्ती का, याचा तीन दिवसांत खुलासा करावा. भाऊंनी खुलासा दिलेला नाही. दर रविवारी ते ताईंकडे जातात आणि त्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवतात, असं ऐकिवात आहे. पण ते ऐकीवच. प्रणालीत तसं काही आढळत नाही, आणि भाऊंचा एकूण स्नेहांक सध्या कचेरीत सगळ्यात कमी आहे.

भाऊंसारखी माणसं आता फार उरली नाहीत, ही समाधानाची गोष्ट. आपल्यापैकी बहुतेकांचं उत्तम चाललं आहे. तरी खात्री करून घ्यायची असेल, तर एक सोपी चाचणी सांगतो. तुमच्या शेजारच्या टेबलावर जो माणूस बसतो, त्याचा आवाज आज सकाळी कसा होता, ते आठवून पाहा. आठवत नसेल तर अजिबात घाबरू नका. तुम्ही नव्वदच्या वर आहात.